फुगवट्याचा दाब : म्हाताऱ्या कुत्र्याचे हृदय आणि घरची नोंदवही

भिगवणच्या माणसाला ‘फुगवटा’ या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. भीमेचा बांध कित्येक कोस खाली, उजनीला. तो १९८० साली पुरा झाला, आणि पाणी मात्र मागे मागे सरकत डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव या गावांच्या शिवारांत शिरले, पळसनाथाचे प्राचीन देऊळ त्याने पोटात घेतले, आणि आजही एखाद्या कडक उन्हाळ्यात पातळी फार उतरली म्हणजेच ते देऊळ पुरते उघडे पडते. अडथळा एका जागी आणि त्याचा भार दुसऱ्याच जागी, हा पाण्याचा शिरस्ता ज्याने आपल्या दारात पाहिला आहे, त्याला हृदयाची झडप निकामी होत चाललेल्या कुत्र्याच्या फुप्फुसांत रक्ताचा दाब का वाढतो, हे समजावून देणे मला मुळीच अवघड वाटत नाही. ज्या घरी वयस्क कुत्रे आहे, ते अलीकडे जिना चढताना थांबते, रात्री खोकते, किंवा मालक घरी आल्याच्या आनंदात एकाएकी कोलमडून पडते, त्या घरासाठी हा लेख आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की हा आजार बहुधा लहान चणीच्या कुत्र्यांचा आहे. उसाच्या फडावर राखण करणारा दांडगा गावठी कुत्रा त्यातून पुष्कळदा सुटतो. परंतु ज्याला आपल्याकडे सरसकट ‘पॉमेरियन’ म्हणतात तो पांढरा, झुबकेदार शेपटीचा कुत्रा, लांबोडक्या अंगाचा डॅक्सहुंड, पूडल, आणि परदेशांत या व्याधीसाठीच प्रसिद्ध असलेला कॅव्हेलियर स्पॅनियल, अशा वीस किलोंच्या आतल्या जाती वय वाढेल तशा तिच्या तावडीत अधिकाधिक सापडतात. हृदयाच्या डाव्या बाजूला, वरचे अलिंद आणि खालचे निलय यांच्यामध्ये जी द्विदल झडप असते, तिच्या पातळ, रेशमी पाकळ्या वर्षानुवर्षे जाड व गाठाळ होत जातात, त्यांना धरून ठेवणारे तंतू सैल पडतात, आणि निलय आकुंचन पावताना जे रक्त सर्वच्या सर्व पुढे, महाधमनीत जावयाचे, त्यातले काही मागे, अलिंदात परतू लागते. हा संसर्ग नव्हे, विषबाधा नव्हे, आणि खाऊपिऊ घालण्यातल्या कोणत्या चुकीचे फळही नव्हे. कुत्र्यावर जीव असलेली माणसे अशा वेळी स्वतःला दोष लावून घेतात, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

मागे परतणाऱ्या या रक्ताचा आवाज डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपला फार आधी ऐकू येतो. त्याला मर्मर म्हणतात, आणि कित्येक कुत्री तो मर्मर छातीत बाळगून वर्षानुवर्षे खातात, पितात, धावतात. रेबीजच्या वार्षिक लशीसाठी कुत्र्याला दवाखान्यात नेतोच. तेव्हा सात-आठ वर्षांपुढच्या प्रत्येक लहान कुत्र्याची छाती त्याच भेटीत ऐकून घ्यावी, आणि मर्मर असल्यास तो सहांपैकी कितव्या प्रतीचा आहे हे कार्डावर लिहून मागावे. जगभरचे पशुवैद्य या आजाराचे ए, बी-१, बी-२, सी आणि डी असे टप्पे मानतात. बी-१ म्हणजे मर्मर आहे पण हृदय वाढलेले नाही. बी-२ म्हणजे हृदय वाढले आहे पण लक्षण नाही. सी म्हणजे फुप्फुसांत पाणी एकदा तरी झाले. आणि डी म्हणजे नेहमीच्या औषधांनाही जे दाद देत नाही. यांपैकी बी-२ ओळखणे हे सर्वांत किफायतीचे काम आहे, कारण या टप्प्यावर पिमोबेंडन हे औषध सुरू केल्यास हृदयाचे पुढचे अपयश सरासरीने सुमारे पंधरा महिने लांबते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसून आले. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने ही लहान मुदत नव्हे.

आता फुगवट्याकडे येऊ. डाव्या अलिंदात रक्त तुंबले की त्याचा दाब अलिंदात रक्त आणणाऱ्या फुप्फुसशिरांवर येतो, तिथून फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांवर, आणि तिथून अखेरीस फुप्फुसधमनीवर, जीत हृदयाची उजवी बाजू रक्त ढकलीत असते. निरोगी शरीरात या धमनीतला दाब सर्व अंगभर फिरणाऱ्या रक्ताच्या दाबाच्या मानाने अगदी थोडा, पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका असतो, आणि म्हणून उजव्या निलयाची भिंतही पातळ घडलेली असते. तिला जोराचे काम निसर्गाने नेमून दिलेलेच नाही. आरंभी हा दाब निव्वळ मागून आलेला असतो, म्हणजे डावी बाजू हलकी केली तर तोही उतरतो. परंतु फुगवटा दीर्घकाळ टिकला तर फुप्फुसधमनीच्या बारीक शाखा आकसतात, त्यांच्या भिंती जाड होतात, आणि मग मूळ कारण कमी केले तरी दाब पुरता उतरत नाही. या दोन अवस्थांतला फरक उपचार ठरवताना फार महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे येईनच.

घरात दिसणाऱ्या लक्षणांपैकी सर्वांत घाबरवणारे लक्षण म्हणजे भोवळ. कुत्रे दाराकडे धावते, भुंकते, खोकते, आणि क्षणात पाय गळून आडवे होते. अंग ढिले पडते, कधी थोडे ताठरतेही, हिरड्या फिक्या किंवा निळसर दिसतात, आणि अर्ध्या-एक मिनिटात ते उठून, जणू काही घडलेच नाही अशा रीतीने, आपल्याकडे पाहते. याला बहुतेक घरी ‘फिट’ म्हणतात, आणि कधी कधी आकडीचे औषधही सुरू होते. आकडी बहुधा विश्रांतीत किंवा झोपेत येते, तीत पाय सायकल चालवल्यासारखे हलतात, लाळ गळते, आणि ती ओसरल्यावरही कुत्रे बराच वेळ गोंधळलेले असते. हृदयाची भोवळ श्रमाच्या वा उत्तेजनेच्या पाठीवर येते आणि शुद्ध लवकर परतते. हा भेद शब्दांत सांगताना भल्याभल्यांची गल्लत होते, म्हणून घरातल्या कोणीतरी त्या क्षणी मोबाईलवर चित्रण करावे. डॉक्टरांना अर्ध्या मिनिटाचे ते चित्र दहा मिनिटांच्या हकीकतीपेक्षा अधिक सांगते. भोवळीखेरीज थोड्या श्रमाने धाप लागणे, पोटात पाणी होऊन ते नगाऱ्यासारखे फुगणे, आणि जीभ निळसर दिसणे, ही फुप्फुसदाबाची, म्हणजे फुप्फुसधमनीत वाढलेल्या या दाबाची, चिन्हे होत. केवळ खोकला हे मात्र त्याचे खात्रीचे चिन्ह नव्हे. वाढलेल्या अलिंदाने श्वासनलिका दाबली गेली तरी तो येतो, आणि लहान जातींची श्वासनलिका स्वतःच खचली असली तरीही येतो.

या साऱ्या आजारात घरच्या माणसाच्या हाती एक असे साधन आहे की ज्याला पैसा पडत नाही, वीज लागत नाही, आणि ज्याची बरोबरी महिन्याकाठी एकदा होणारी कोणतीही तपासणी करू शकत नाही : झोपेतले श्वास मोजणे. कुत्रे गाढ झोपले असावे. स्वप्नात पाय हलवीत नसावे, उकाड्याने जीभ काढून धापत नसावे. छाती वर जाऊन खाली आली म्हणजे एक श्वास. घड्याळाकडे पाहून तीस सेकंद मोजावेत आणि दुप्पट करावेत. बहुतेक कुत्र्यांचा हा आकडा मिनिटाला तिसाच्या आत असतो, पुष्कळांचा विशीच्याही आत. परंतु खरे मोल आपल्या कुत्र्याच्या नेहमीच्या आकड्याला आहे, म्हणून ते बरे असतानाच आठवडाभर रोज रात्री मोजून तो ठरवून ठेवावा. पुढे आकडा तिसाच्या वर जाऊन तिथेच राहिला, दोन-तीन तासांनी पुन्हा मोजूनही उतरला नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. चाळिसाच्या वर गेला, किंवा कुत्रे कोपरे बाहेर काढून, मान लांबवून बसू लागले, तर सकाळची वाट पाहू नये. मी स्वतः पहिल्यांदा अंधारात असे श्वास मोजीत बसलो तेव्हा माझी मोजणी दोनदा चुकली, कारण नकळत मी माझेच श्वास त्याच्या लयीला जुळवू लागलो होतो. हाताचा पंजा हलकेच त्याच्या कुशीवर ठेवला म्हणजे ही चूक होत नाही.

हे आकडे लक्षात ठेवू नयेत, लिहावेत. शाळकरी शंभरपानी वही घ्यावी, तीत तारीख, वेळ, श्वास, दिलेली औषधे, भोवळ आल्यास तिची वेळ व कारण, भूक आणि आठवड्याचे वजन इतकेच रकाने पाडावेत. जुन्या काळी गावच्या दप्तरात पावसापाण्याची नोंद राहत असे; या वहीचे महत्त्व त्याहून कमी नाही. भिगवणहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर. हृदयाचे चित्र काढणारे यंत्र आणि ते वाचणारा माणूस जिथे भेटतो तिथे वर्षातून दोन-तीनदा जाणे होते, आणि मधले सारे दिवस कुत्रे आपल्याच ओसरीवर असते. डॉक्टर औषधाची मात्रा कमी-जास्त करतात ती या मधल्या दिवसांच्या दाखल्यावर. वही नसेल तर त्यांना अंदाजावर चालावे लागते.

तपासणीचे मुख्य अंग म्हणजे डॉप्लरसहित हृदयाची सोनोग्राफी. डॉप्लरचे तत्त्व भिगवणच्या फलाटावर उभे राहून कोणालाही अनुभवता येते : सोलापूरकडे जाणारी एक्सप्रेस शिट्टी देत समोरून येते तेव्हा तिचा सूर उंच असतो, आणि ती पुढे निघून गेली की तोच सूर खाली घसरतो, सुराच्या या घसरणीवरून वेग काढता येतो, हे ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ साली मांडले. इथे गाडीच्या जागी रक्त असते. उजव्या बाजूच्या त्रिदल झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग यंत्र मोजते, त्या वेगाचा वर्ग करून त्याला चाराने गुणले की दोन कप्प्यांतल्या दाबाचा फरक पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मिळतो. सेकंदाला ३ मीटर वेग म्हणजे ३६ मिलिमीटर, ३.४ मीटर म्हणजे सुमारे ४६. तीनच्या आत वेग असून हृदयात दुसरी खूण नसेल तर फुप्फुसदाबाचा संभव कमी, ३.४ च्या वर जाऊन तशी खूणही असली तर संभव मोठा, असे २०२० सालच्या तज्ज्ञांच्या एकमताने ठरले आहे. मात्र उजवे निलय वाढले आहे काय, धमनी रुंदावली आहे काय, याही खुणा बरोबर पाहाव्यात असे त्याच तज्ज्ञांनी बजावले आहे. दाबाचा हा फरक ५५ मिलिमीटरच्या वर गेला तर पुढचा मार्ग अधिक बिकट मानतात. यंत्राच्या कागदावर हा वेग छापलेला असतो. तो कागद जपून ठेवावा, आणि पुढच्या वेळी त्याच्याशी ताडून पाहण्याची विनंती करावी.

जाण्यापूर्वी दूरध्वनीवर एकच प्रश्न विचारावा : ‘आपल्याकडे कुत्र्याच्या हृदयाचा डॉप्लर होतो काय, आणि तो पाहणारे डॉक्टर त्या दिवशी असतील काय?’ सोनोग्राफी-यंत्र पुष्कळ ठिकाणी असते, पण ते पोटासाठी. महाराष्ट्रात या विद्येची परंपरा जुनी आहे; परळचे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले आणि त्याला लागून सर दिनशा पेटिट यांनी आपल्या पत्नी साकरबाई यांच्या नावे उभारलेले जनावरांचे रुग्णालय आहे; आपल्या बाजूला शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय १९८८ पासून चालू आहे. परंतु प्रत्येक कुत्र्याला तिकडे न्यावे असे नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात छाती ऐकली गेली, क्ष-किरण चित्र निघाले आणि रक्त तपासले गेले, म्हणजे पुढची पायरी कोणती हे बहुधा ठरते. रक्ततपासणी चुकवू नये. आमच्या भागात गोचिडांचा सुकाळ आहे, आणि गोचीडतापाने रक्त कमी झालेले कुत्रेही धापते. डासांमार्फत शिरणारा हृदयकृमी फुप्फुसधमनीत राहतो आणि तोही दाब वाढवतो. ईशान्य भारतात तो अधिक आढळतो, तेव्हा तिकडून आणलेल्या किंवा तिकडे राहून आलेल्या कुत्र्याची हकीकत डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

उपचारांबाबत एक गोष्ट मला सर्वांत ठासून सांगावयाची आहे. फुप्फुसदाबावर सिल्डेनाफिल हे औषध प्रसिद्ध आहे, आणि त्याचे नाव एकदा कानावर पडले की ते परस्पर औषधांच्या दुकानातून आणण्याचा मोह होतो. ते फुप्फुसधमनीच्या आकसलेल्या शाखा सैल करते हे खरे. पण ज्या कुत्र्याच्या दाबाचे मूळ डाव्या झडपेत आहे, त्याला ते घाईने देण्यात काय धोका आहे हे उजनीकाठच्या माणसाने लगेच ओळखावे. धरण काठोकाठ भरलेले आहे, खालचे दरवाजे बंद आहेत, आणि वरून दौंडचा विसर्ग एकाएकी वाढला, तर पाणी कुठे जाईल? ते फुगवट्यात चढेल. तसेच फुप्फुसांत वरून रक्त मोकळे सुटले आणि डाव्या बाजूला वाट नसली, तर फुप्फुसांत पाणी भरते. म्हणून आधी डावी बाजू हलकी करावयाची : पिमोबेंडनने हृदयाचे आकुंचन सुधारावयाचे, फ्युरोसेमाइडने, म्हणजे घरोघरी ‘लॅसिक्स’ म्हणून ठाऊक असलेल्या गोळीने, अंगातले जादा पाणी लघवीवाटे काढावयाचे, त्याच्या जोडीला बेनाझेप्रिल वा एनालाप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन, आणि एवढे करूनही भोवळ वा धाप राहिली आणि डॉप्लरवर दाब मोठा दिसला, तरच डॉक्टर आपल्या देखरेखीखाली थोड्या मात्रेपासून सिल्डेनाफिल सुरू करतात. त्याचा असर काही तासांतच ओसरतो, म्हणून ते बहुधा दिवसातून तीनदा द्यावे लागते. रात्रीची पाळी चुकणार असेल तर तसे आधीच सांगावे.

याच ओघात दोन मनाई-हुकूम. घरातल्या आजोबांची जिभेखाली ठेवण्याची सॉर्बिट्रेटची गोळी कुत्र्याला ‘हृदयाचीच आहे’ म्हणून कदापि देऊ नये. सिल्डेनाफिलबरोबर नायट्रेट गेले तर रक्तदाब एकदम कोसळतो. आणि कुत्रे लंगडते म्हणून आपली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन देऊ नये. कुत्र्याच्या पोटाला व मूत्रपिंडाला ती एरवीही घातक, आणि लॅसिक्सबरोबर तर दुप्पट घातक. लॅसिक्स चालू असताना कुत्रे वारंवार लघवी करते आणि पुष्कळ पाणी पिते, ते अपेक्षितच आहे. ओसरी ओली होते म्हणून पाण्याचे भांडे उचलून ठेवणे हा त्याच्या मूत्रपिंडांवर घाला आहे. औषध सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत मूत्रपिंडाची व पोटॅशियमची रक्ततपासणी करून घ्यावी. पिमोबेंडन जेवणापूर्वी सुमारे एक तास, बारा-बारा तासांच्या अंतराने द्यावे.

आहाराचा बंदोबस्त कठोर नको, पण मिठाचा हिशेब हवा. पापड, लोणचे, फरसाण, आणि विशेषतः सुकट-बोंबील ही बंद. भिगवणच्या मासळीबाजारातून आलेली ताजी चिलापी वा कटला मीठ न घालता उकडून, काटा काळजीने काढून भाताबरोबर द्यावी. आजारी कुत्र्याची भूक अशा वासाने खुलते, आणि या रोगात वजन टिकणे हीच मोठी कमाई आहे. गळ्यातला पट्टा काढून छातीवरून बांधावयाचा पट्टा घ्यावा. वैशाखात फिरणे सूर्योदयापूर्वी. फडात पाचट पेटले असेल त्या दिवशी खिडक्या लावून कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवावे. दिवाळीच्या फटाक्यांची भीती ज्याला वाटते त्याच्यासाठी डॉक्टरांकडून आठवडाभर आधीच सल्ला घ्यावा, कारण भीतीने उसळलेले हृदय आणि श्रमाने उसळलेले हृदय यांत झडपेला फरक कळत नाही.

रात्री श्वास वाढून कुत्रे घुसमटू लागले तर त्याला उताणे वा कुशीवर झोपवू नये, तोंडाला जाळी बांधू नये, जबरीने पाणी पाजू नये. जसे बसले असेल तसे बसू द्यावे, पंखा लावावा, कमीत कमी हाताळून गाडीत घ्यावे. आणि सरळ पुण्याचा रस्ता धरू नये. आधी जवळच्या डॉक्टरांकडे फ्युरोसेमाइडचे इंजेक्शन व मिळाल्यास प्राणवायू, मग पुढचा प्रवास. शंभर किलोमीटरच्या वाटेवर कित्येक जीव या एका टप्प्याअभावी जातात. त्यासाठी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून निदान, वजन आणि चालू औषधांच्या मात्रा लिहिलेली चिठ्ठी आधीच घेऊन वहीच्या पहिल्या पानाला चिकटवून ठेवावी. अनोळखी डॉक्टर मध्यरात्री तिच्यावर विसंबून निर्णय घेऊ शकतात.

हा आजार बरा होत नाही, आणि फुप्फुसदाब जोडीला आला म्हणजे उरलेला काळ आखूड होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु आखूड म्हणजे वाईट असे नव्हे. औषधे नीट बसली म्हणजे भोवळ थांबलेली, रात्री निवांत झोपणारी, दारात शेपूट हलवणारी कुत्री पुष्कळ महिने, कधी त्याहूनही अधिक, घरात वावरतात. शेवटी असा दिवस येतो की श्वास विश्रांतीतही स्वस्थ राहत नाही, अन्न सुटते, आणि औषधांची मात्रा वाढवण्यास जागा उरत नाही. तेव्हा डॉक्टरांशी शांतपणे, त्याच्या यातना डोळ्यांसमोर ठेवून बोलावे. तो निर्णय घेतानाही हीच वही उपयोगी पडते, कारण गेल्या महिन्यात चांगले दिवस किती होते आणि वाईट किती, हे तीत आपल्याच अक्षरात लिहिलेले असते.

ज्या घरी असे कुत्रे आहे, त्यांना माझी एवढीच विनंती आहे : आज रात्री निजानीज झाल्यावर त्याच्याजवळ बसा, तीस सेकंद श्वास मोजा, त्याची दुप्पट करा, आणि तो आकडा तारखेसह वहीच्या पहिल्या ओळीवर लिहून ठेवा.